बाल्कनीतला लांडगा

सुरुची वर्तक यांची दोन विषयांवर फार ठाम मतं होती, आणि विरारच्या मनवेलपाड्यातल्या त्यांच्या इमारतीला ती पाठ झाली होती. एक विषय पाळीव जनावरांचा, दुसरा टीव्हीवरच्या जादूच्या मालिकांचा. अलीकडे बोलून बोलून त्यांचाच जीव थकला होता. शाळेत दुपारच्या सत्रात भूगोल शिकवायचा, घरी येऊन सासूचं बघायचं आणि रस्त्यावरून उचलून आणलेल्या दोन म्हाताऱ्या कुत्र्यांना औषधं द्यायची. त्यातल्या एकाला दिसत नव्हतं, दुसरीला पाय तीनच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

संध्याकाळी मात्र सासूसुना मिळून मालिका बघत. हिंदीत डब केलेली, बर्फाच्या राज्याची. त्यात एक परागंदा राजपुत्र होता आणि त्याच्या पायाशी सतत एक पांढरा लांडगा. सासूबाई, धोंडूबाई, जन्मभर वटार गावच्या वाडीत राबलेल्या. पंख्याखाली घाम पुसत त्या म्हणायच्या, "केवढी थंडी गं ती! पोराच्या अंगावर धड गोधडी पन नाय."

चौथ्या पर्वात तो लांडगा मेला. अर्ध्या मिनिटात, पडद्याच्या एका कोपऱ्यात. राजपुत्राने वळूनसुद्धा पाहिलं नाही; पुढच्या प्रसंगात तो लग्नाची बोलणी करत होता. सुरुचीबाईंनी रिमोट सोफ्यावर आपटला.

"खोटंच हाय ना ते?" धोंडूबाई म्हणाल्या.

"खोटं असलं म्हणून काय झालं, आई? इतकी वर्षं मागे मागे फिरवला त्याला. मेल्यावर दोन मिनिटं थांबायला नको कोणी?"

त्यांचा खरा राग वेगळाच होता. मालिकेतला लांडगा दिसायला देखणा, पण त्याचं केस गळणं, त्याची घाण, त्याला लागणारी थंडी यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही. मग लोकांना वाटतं, आपणही आणावा. "ड्रॅगन विकत मिळत नाहीत हे नशीब," त्या म्हणत, "नाहीतर लोकांनी तेही बाल्कनीत बांधले असते."

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धनेशने हस्की जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा जिन्यातच ते दिसलं. निळे डोळे, कापसाचा गोळा. धनेशची बायको दिपिका त्याचे फोटो काढत होती. पिल्लाचं नाव मालिकेतल्या लांडग्याचंच ठेवलं होतं, श्वेत.

"धनेश, हे बर्फातलं जनावर आहे. विरारच्या एप्रिलमध्ये याचं काय होणार?"

"मॅडम, एसी आहे ना."

"आणि लाईट गेली की?"

तो हसला. दिपिका हसली नाही. ती दार लावून आत गेली. त्यानंतर दोघी जिन्यात भेटल्या की दिपिका मोबाईलमध्ये बघायची.

पिल्लाचा वर्षभरात धटिंगण झाला. दोघं सकाळी कामाला निघून जात आणि श्वेत बाल्कनीत एका टेबलफॅनसमोर राही. तो भुंकत नसे, रडे. लांबच लांब, गळा काढून. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर धनेशने त्याचे केस मुळापासून कापून आणले. सुरुचीबाई पुन्हा खाली गेल्या. ते केस उन्हापासूनही वाचवतात, असं समजावून सांगायला लागल्या. धनेश म्हणाला, "मॅडम, प्लीज. आज नको."

एप्रिलमध्ये एका दुपारी लाईट गेली. शाळेला सुट्टी होती, त्या पेपर तपासत बसल्या होत्या. खालून रडणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. त्यांनी आणखी एक पेपर तपासला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बराच वेळ आवाज नाही.

धनेशला फोन केला. "किल्ली चपलांच्या स्टँडमागे आहे," तो म्हणाला, "मी निघतोच."

श्वेत बाल्कनीतल्या तापलेल्या लादीवर आडवा पडला होता. जीभ जांभळट, डोळे अर्धे मिटलेले. भांड्यातलं पाणी चहासारखं गरम. त्यांनी त्याला ओढत मोरीत आणलं. पिंपात हात घालून तांब्याने पाणी काढलं, पोटावर, पंजांवर, मानेवर ओतत राहिल्या. साडीचा पदर भिजवून त्याच्या मांड्यांमध्ये धरला. धोंडूबाई जिना उतरून दारात येऊन उभ्या होत्या. "हलतो का गं?" त्या विचारत होत्या. बऱ्याच वेळाने शेपटी एकदा हलली. मग रिक्षा, मग डॉक्टर, मग सलाईन.

संध्याकाळी धनेश दवाखान्यात आला. कुत्र्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, आमच्याने नाही होत. तुम्हीच ठेवा याला."

"नाही," त्या म्हणाल्या.

त्याला ते अपेक्षित नसावं. त्यांनाही नव्हतं. पण त्यांचे गुडघे दुखत होते, पाठ भरून आली होती. आणखी एक जीव आपल्याकडे नको, एवढंच त्यांना वाटत होतं.

शाळेतल्या डेल्फिन टीचरचा भाऊ गॉडफ्रे वसईतल्या सांडोरला राहत होता. केळीची वाडी, विहीर, दाट सावली. तो लगेच हो म्हणाला. सुरुचीबाईंनी श्वेतला नेऊन सोडलं. परत येताना वाटलं, सुटले. आठवडाही झाला नाही तोच गॉडफ्रे टेम्पोतून त्याला घेऊन दारात हजर.

"टीचर, रागावू नका. कुत्रा गुणी आहे, पण माझ्या कोंबड्या संपवल्या याने. शेजारच्यांच्याही."

सुरुचीबाई दारातच बसल्या. श्वेत आत गेला आणि सरळ धोंडूबाईंच्या खोलीत पलंगाखाली शिरला. घरातला एकमेव एसी तिथेच होता.

"राहू दे," धोंडूबाई म्हणाल्या. "मला बी सोबत होईल."

सुरुचीबाईंनी धनेशला वर बोलावलं. "कुत्रा माझ्याकडे राहील. पण ऊन चढायच्या आत त्याला पळवायला हवं. माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. ते तुमचं काम." धनेश मान खाली घालून हो म्हणाला.

पहिले काही दिवस तो नेमाने आला. मग एक दिवसाआड. मग त्याला कधी जाग यायची नाही, कधी दिपिकाची तब्येत बरी नसायची. न आला त्या दिवशी सुरुचीबाईच उठत, केसांना चाप लावत आणि श्वेतबरोबर तळ्याच्या कडेने ओढल्या जात. घरभर पांढरे केस उडत, भातातसुद्धा सापडत. आंधळा कुत्रा नव्या वासावर गुरगुरायचा, मग त्याच्याच अंगाला अंग लावून झोपायचा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी त्या श्वेतला घेऊन गेटपर्यंत पोचल्या, तेव्हा धनेश मागून पळत आला. शर्टाची बटणं उलटीसुलटी लागलेली. "सॉरी मॅडम, गजर वाजलाच नाही," तो म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. श्वेत त्याच्या अंगावर उड्या मारत होता, काही झालंच नसल्यासारखा. त्यांनी पट्टा धनेशच्या हातात दिला, कठड्याला धरून सावकाश जिने चढल्या आणि शाळेची वेळ होईपर्यंत झोपल्या.