शाल्मलीची तिसरी फेरी

त्या ऑगस्टात शाल्मलीला एका जागी बसणं जमेना. नीट परीक्षेत गुणच असे पडले होते, की एमबीबीएसचं दार बंद आणि डेंटलचं नुसतं किलकिलं. खासगी कॉलेजचा विषय बाबांनी, सुभाषचंद्रांनी, कारखान्यातून आल्या आल्या मिटवून टाकला होता. "सरकारी मिळालं तर मिळालं."

गाव हिंदी मुलखातलं. क्लासचे अमित सर म्हणाले, "पचास-पचास समझो." मोबाइलवरच्या अंदाज सांगणाऱ्या ॲपमध्ये रँक टाकली की सकाळी 'शक्यता चांगली' यायचं, संध्याकाळी 'शक्यता कमी'. ती तरी टाकत राही. आणि गल्लीत जो तो एकच बोलायचा, "डेंटल? चलो, वो भी ठीक है." तिला राग येई, कारण मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

सरकारी प्रवेशाच्या पहिल्या फेरीत सीट मिळाली नाही.

त्याच सुमारास आईची दाढ ठणकायला लागली, म्हणून शाल्मली तिला घेऊन प्रेम नगरला डॉक्टर मयुरांकडे गेली. दवाखाना एका खोलीचा. खुर्चीवर टहरौली गावचा एक तरुण शेतकरी होता. दाढ काढून द्या म्हणत होता, पण तोंडच उघडत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला हळू आवाजात समजावलं आणि ग्वाल्हेरच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. तो गेल्यावर शाल्मली त्या दाराकडेच बघत राहिली.

"गुटखा," डॉक्टर मयुरा म्हणाल्या. "गाल आतून चामड्यासारखा होतो. आपली तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. इसकी एक भी मुश्किल से गई. आधी तिखट झोंबतं, तेव्हा कुणी येत नाही."

तिखट झोंबतं म्हणताच शाल्मलीला दादा आठवला. तिचा मोठा भाऊ निशांत गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होता. गेले काही महिने तो आमटी तिखट म्हणून नावं ठेवत होता. ॲसिडिटी आहे म्हणायचा.

संध्याकाळी तो जेवायला बसण्याआधी तिने त्याला गच्चीवर गाठलं. "दादा, तोंड उघड."

"क्यों, डॉक्टर बन गई क्या?"

"उघड ना. तीन बोटं घाल."

त्याने हसत घातली. दोन गेली. तिसरी जाईना. त्याने पुन्हा जोर केला, मग हात काढून पॅंटला पुसला.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही सांगत. पण उद्या माझ्याबरोबर चल."

उद्या काही उजाडेना. आज मीटिंग, परवा बरुआसागरला गिऱ्हाईक. शेवटी तिने शोरूमच्या दारातच ठाण मांडलं, तेव्हा तो आला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आत्ता सोडलंस तर पुढे वाढणार नाही, पण जितकं जखडलंय तितकं सगळं सुटेल असं नाही. दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरून रोज तोंड ताणायचं, एकेक काडी वाढवायची. शाल्मलीने इतके प्रश्न विचारले, की मयुरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हारा कौनसा साल है?"

दुसऱ्या फेरीतही तिचं नाव नव्हतं. पहिल्या वेळी ती नुसती हिरमुसली होती. या वेळी मोरीत नळ सोडून रडली. आता तिला डेंटलच हवं होतं. बाबांनी तिचा बीएस्सीला प्रवेश घेऊन टाकला. आणि त्याच आठवड्यात निशांतच्या शर्टाच्या खिशात तिला गुटख्याची पुडी सापडली.

"तुझी सीट गेली त्याचा राग माझ्यावर काढतेस," तो म्हणाला.

"काढते. तू पुडी टाक."

त्याने टाकली. त्या दिवसापुरती तरी.

तिसऱ्या फेरीची आशा घरात कुणी बोलून दाखवली नाही. बीएस्सीच्या तासाला बसल्या बसल्या मोबाइल थरथरला. लखनौचं सरकारी डेंटल कॉलेज. तिने तीनदा वाचलं, मग बाबांना फोन लावला. पलीकडे मशीनच्या आवाजात ते बराच वेळ "काय? काय?" करत राहिले. अमित सर मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "मैंने तो पहले ही कहा था."

पहिल्या वर्षी पेशंट नसतात, हाडं आणि पाठांतरच. पण दर रविवारी ती निशांतला व्हिडिओवर तोंड उघडायला लावते. हल्ली तिसरं बोट नखापर्यंत जातं. एखाद्या रविवारी तो फोन उचलत नाही, आणि मग पुस्तक उघडं ठेवून ती हॉस्टेलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालते.