क्लीनरच्या बाजूचा ब्रेक

खुर्चीत बसले तरी काकांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. असे जुने ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. रिक्षात मागे बसलेले असोत, समोर म्हैस आली की यांचा पाय खाली दाबलेला. "सवय हाय रं," म्हणायचे आणि पायाकडे असे बघायचे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

वडप्याहून राहनाळला माल आणणारा टेम्पो त्यांनी जन्मभर चालवला. राहनाळच्या गोदामात मी हिशेब बघतो, तिथली ही ओळख. मग एकदा त्यांनी आमच्या फाटकाचा खांब घासला आणि मुलाने चावी काढून घेतली. टेम्पो मुलगा चालवू लागला. काका सोबत यायचे आणि माल उतरेपर्यंत माझ्या टेबलाशी बसायचे.

आता माझंही सांगतो. पन्नाशीचा बाप्या मी, जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर गाडीची शर्यत खेळतो. गेम माझ्या कॉलेजच्या काळातला. नवा लॅपटॉप त्याला ओळखही देत नाही, म्हणून लॅपटॉपच्या पोटात एक जुना संगणक उभा करावा लागतो. खराखुरा नव्हे, नुसता सॉफ्टवेअरचा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. नव्या गोदामात आपली जुनी खोली पोपड्यांसकट बांधावी, तसं. बायको म्हणते, "पोरांना मोबाईलवरून ओरडता, आणि स्वतः?"

काकांनी गेम पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "आपल्याला दे की."

पहिल्याच वळणाला झाड. दुसऱ्यांदा तेच झाड. टेबलाखाली पाय ब्रेक दाबतोय, आणि ब्रेक तर वर, बोटाखाली.

"एकदा न ठोकता पोचलो ना," ते म्हणाले, "की पोराकडं चावी मागतो. उगाच न्हाय मागणार."

मी ते थट्टेवारी नेलं. पुढे पुढे मला त्या झाडाचीच दया येऊ लागली. एके दिवशी काका पाणी प्यायला उठले, तेव्हा मी त्या पोटातल्या संगणकाचा वेग जरा उतरवला. मग रोज थोडा थोडा. झाड सावकाश यायला लागलं, काका वळायला लागले. "वा काका!" मी म्हणायचो. घरी जाताना पुण्य केल्यासारखं वाटायचं.

आणि एक दिवस ते पोचले. एकदाही न ठोकता. त्यांनी हात मांडीवर पुसले आणि मुलाला हाक मारली.

"चावी दे. आज मी नेतो."

मुलाने चावी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"काका, गेममधली गाडी... मी हळू केली होती."

माल उतरवणारे हमालही थांबले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हाईत हाय," काका म्हणाले. "इंजिनाचा आवाज तुटत होता. गाडी दम खात होती. पन मला वाटलं..."

ते खुर्चीतून उठले. मुलाला म्हणाले, "राहू दे तुझ्याकडं," आणि टेम्पोत चढले. क्लीनरच्या बाजूने.

त्यानंतर टेम्पो येतो, माल उतरतो, पण काका खाली उतरत नाहीत. मी वेग पुन्हा होता तिथे नेऊन ठेवला. पहिल्याच वळणाला झाडावर आदळलो.

परवा फाटकात टेम्पो समोरून आला. मी हात वर केला, अर्धाच. तेवढ्यात एक हमाल आडवा गेला आणि मुलाने ब्रेक मारला. काकांचाही पाय दाबला गेला का, ते बघायला मी वाकलो. दाराआड काही दिसलं नाही. काका सरळ समोर बघत होते.