व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि माझे तिखट कान

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी फिटर होतो, आणि माझे कान तिखट आहेत हे तिथं हमालापासून मुनीमजींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चालू मशीनजवळ दोन मिनिटं उभं राहून मी म्हणायचो, "तिसरं बेअरिंग गेलंय." उघडून बघितलं की तिसरंच निघायचं. एवढ्या गोंगाटात कान टिकले कसे, असं कुणी विचारलं तर मी हसायचो. जिनिंगमध्ये कापसाची काय कमी! सकाळी कानात दोन बोळे घालायचे, संध्याकाळी काढून फेकायचे. बाकीचे शाल-नारळ घेऊन रिटायर होतात, मी कान घेऊन घरी आलो. कानांना काही काम हवं म्हणून जुन्या तबकड्या आणि रेकॉर्ड प्लेअर जमवला.

आता न कळणाऱ्यांसाठी सांगतो. तबकडीवरच्या सुईतून निघणारा आवाज म्हणजे अगदीच उपाशी, हाडकुळा आवाज. त्याला थेट मोठ्या ॲम्प्लिफायरपुढं उभं केलं तर त्याचं काही खरं नाही. मध्ये प्रीॲम्प लागतो. तो त्याला खाऊपिऊ घालून, अंगानं जरा भरून पुढं पाठवतो. हा प्रीॲम्प दोन जातीचा असतो. एक व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओच्या पोटात काचेचे दिवे लागायचे ना, तसल्या दिव्यांचा. दुसरा ट्रान्झिस्टरचा. तो काडेपेटीएवढ्या जागेत मावतो, बटण दाबलं की चालू. माझा व्हॉल्व्हचा. परभणीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मी तो हातापाया पडून बनवून घेतला होता.

माझा शाळेपासूनचा एक दोस्त आहे, विज्ञानाचा मास्तर होता. त्यानं स्वतः ट्रान्झिस्टरचा बनवला होता आणि दर रविवारी तो प्रीॲम्प पिशवीत घालून भांडायला यायचा.

"व्हॉल्व्हवर गाणारा माणूस आपल्या सतरंजीवर येऊन बसतो," मी म्हणायचो. "तुझ्या डबड्यातून तो फोनवर बोलल्यासारखा वाटतो."

"ती गोडी व्हॉल्व्हची भेसळ हाय. मूळ आवाजात नसलेलं तो पदरचं घालतो. माझा, आहे तसं देतो."

"मग तू चहात साखर कशाला घालतोस?"

असं तासभर चालायचं. तोवर माझे दिवे तापायचे, आणि दिवे तापून रंग भरायच्या सुमाराला लाइट जायची. ती आली की पुन्हा दिवे तापेपर्यंत थांबा. बायको म्हणायची, "तुमचं मशीन अन् तुमी, दोघांचं डोकंच नुसतं तापतंय, काम मात्र उशिरा सुरू होतंय."

माझी बायको. पूर्वी कसं मऊ बोलायची! अलीकडं वयानं म्हणा की कशानं, तिचा आवाज फारच चढला होता. साधं "जेवायला चला" म्हणायचं तरी तार सप्तकात. मी चारचौघांत म्हणायचो, "बाई भांडकुदळ झाली हो!" तिचा राग खरा होता तो खिडकीवरून. बाहेरच्या खोलीतली उजेडाची खिडकी माझ्या प्लेअरनं आणि प्रीॲम्पनं अडवली होती, आणि तिची शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली होती. मोबाइलची बॅटरी लावून ती सुईत दोरा ओवायची.

एका रविवारी ती आमच्या भांडणात मधोमध येऊन उभी राहिली. "लय झालं. दोन्ही मशीनं चादरीखाली झाका. कोणतं वाजायलंय ते न बघता सांगा. ओळखलं तर खिडकी तुमची. न्हाई तर उद्या सकाळी माझी मशीन तिथं."

"कबूल!" मी मांडीवर थाप मारून म्हणालो. माझ्या कानांशी पैज! मला हसूच आलं.

त्याच वेळी आमचे मेंढीवाले मामा आले. कापूस निघाला की त्यांच्या मेंढ्या आमच्या रानात बसतात, लेंडीखताला. कोणत्या दिवशी बसवायच्या ते ठरवायला ते आले होते. त्यांना सगळा मामला सांगितला. मामांनी डोक्याचा पटका सारखा केला आणि म्हणाले, "तोंडानं सांगू नगा. एक बोलला की दुसरा त्याचीच री ओढतो. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरतेत ना, तसं करा. कोणी काय सांगितलं ते ज्याचं त्याला ठावं."

मास्तरला ही युक्ती एवढी आवडली की त्यानं मामांना खुर्ची दिली. ठरलं असं की मास्तर चादरीखाली हात घालून खटका दाबणार, बासरीची एकच तबकडी दर वेळी तेवढीच वाजवणार, आणि मी, बायको आणि मामा अशा तिघांनी एकेक करून टॉवेलाखाली त्याचा हात धरायचा. एक बोट म्हणजे व्हॉल्व्ह, दोन म्हणजे ट्रान्झिस्टर. आधी दोन्ही मशीनं उघडी वाजवून सगळ्यांना ऐकवली. तेव्हा मास्तरनं मोबाइलवर मोजून दोन्हींचा आवाज सारखा केला. "तुझा व्हॉल्व्ह मुळातच मोठ्यानं वाजतो. जे मोठ्यानं वाजतं ते माणसाला गोड लागतं," तो म्हणाला. मी म्हटलं, कर बाबा, काय करायचं ते कर. पंखा बंद केला. लाइटीनंही त्या दिवशी इमान राखलं.

दहा वेळा वाजवलं. पहिल्या दोन वेळेला मी ऐटीत बोट दिलं. तिसऱ्या वेळेला जरा थांबलो. पाचव्या वेळेला मला घाम फुटला. दोन्ही बासऱ्या अगदी एकसारख्या वाटत होत्या. मी डोळे मिटले, मान हलवली, बेअरिंग ऐकायचो तसा पुढं वाकलो. काही उपयोग नाही. शेवटची चार बोटं मी नुसती ठोकून दिली.

मास्तरनं कागद वाचला. मामांची दहाच्या दहा बरोबर. बायकोची नऊ. माझी चार.

"बनवाबनवी हाय!" मी उठलोच. "मामा, तुमी आयुष्यात कधी तबकडी ऐकली न्हाई, तुमाला कसं कळलं?"

मामा बिचारे गोंधळले. "त्यात काय अवघड हाय? एकातली बासरी जरा जवळ बसून वाजवल्यावानी हाय, अन् दुसऱ्यातली साफ. अन् तसं बी, ते जवळ वाजल्यावानी मशीन बासरी थांबली की मागं सू करतंय. गॅस चालू करून काडी लावायची राहिल्यावानी."

"कसलं सू?"

मास्तरनं सुई उचलली, चादर काढली आणि व्हॉल्व्हचा खटका दाबला. खोलीत तिघं जण काहीतरी ऐकत उभे होते. मला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी स्पीकरच्या जाळीला कान लावला तेव्हा कुठं काहीतरी पुसटसं आलं, की आल्यासारखं वाटलं. खिडकी गेल्याचं मला सोयरसुतक नव्हतं. माझे कान गेले होते, आणि ते माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं होतं.

मामा मेंढ्यांचा दिवस न ठरवताच गेले. मास्तरनं जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला, भांडला नाही. मग मी बायकोला विचारलं, "तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"दोन वर्षांपासून सांगायलेय, डॉक्टरला दाखवा, डॉक्टरला दाखवा," ती नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली. "पण ऐकू कुठं येतंय तुमाला! म्हटलं, माझं न्हाई तर तुमच्या लाडक्या मशीनीचं तरी ऐकताल."

दुसऱ्या दिवशी खिडकी मीच रिकामी करून दिली, आणि त्याच आठवड्यात आम्ही परभणीला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. जिनिंगचं ऐकून त्यानं मान हलवली. म्हणाला, कापसाच्या बोळ्यानं तो आवाज अडत नसतो. बारीक, नाजूक आवाज तुमचे आधीच गेले, जाड तेवढे राहिले. हसत हसत त्यानं कानामागं एक छोटं मशीन बसवून दिलं. ते ट्रान्झिस्टरवालंच होतं. मास्तरला अजून हे सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मी तबकडी न लावताच व्हॉल्व्ह चालू केला. सूऽऽ. खरंच करत होता की गुलाम! मी खुळ्यासारखा तेच ऐकत बसलो.

तेवढ्यात बायको शेजारी येऊन ओरडली, "चहा ठेवू काऽऽ?" मी दचकलो. कान झणझणले.

"अगं, हळू बोल. ऐकू यायलंय."

ती थबकली. मग अगदी हळू, आमचं लग्न झालं तेव्हा बोलायची तशी म्हणाली, "खरंच ऐकू यायलंय?"

आवाज तोच होता. जराही चढलेला नव्हता, जराही भांडकुदळ नव्हता. दोन वर्षं ती बिचारी माझ्यापर्यंत पोचायला घसा फोडत होती, आणि मी चारचौघांत तिला नावं ठेवत होतो.

"माफ कर," मी म्हटलं. फार हळू म्हटलं. तिला ऐकू आलं.