गोळी पनवेललाच संपायची

वीर स्टेशनवरून रिक्षा महाडच्या वाटेला लागली तोच मागून सुभाष म्हणाला, "नाना, रिक्षा वळवा. मी परत मुंबईला जातो."

मी वळवली नाय. पॅसेंजर बसला की मुक्कामाला पोचवायचा, हा माझा नियम. शिवाय त्यानं स्पेशल केली होती. स्पेशल म्हणजे अख्खी रिक्षा एकट्याची. एरवी हा शेअरमध्ये चेंगरून जाणारा. म्हणजे पोटात काहीतरी होतं.

सुभाष (नाव बदललंय) पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतला. मुंबईत वॉचमन, पन्नाशीचा. दर शनिवारी घरी यायचा, तो हल्ली येईनासा झाला होता. बायकोनं, वनितानं, फोनवर दम भरला होता: मुंबईत कोण ठेवलीय ते येऊन सांगा, नायतर मी कायमची भावाकडे खेडला चालले.

"मग सांग ना, कोण हाय?" मी विचारलं.

"कोण असंल, नाना? उठतच नाय, तर ठेवू कोणाला?"

मी रिक्षा बाजूला घेतली. पुढचं त्यानं रस्त्याकडे बघत सांगितलं. शुगर होती. मुंबईच्या डॉक्टरनं उठायची गोळी दिली होती, गुण नव्हता.

गोळी कधी घेतोस, तर म्हणे पनवेलला, गाडीत. घरी आई विचारील ना, कसली गोळी म्हणून. पुढं गाडी क्रॉसिंगला अडकायची, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला उभी राहायची. मग घाट, मग वाडी, मग मटण-भाकरी, मग आईच्या गप्पा. हा आडवा होईपर्यंत गोळी उतरलेली. मला हसू आवरलं नाय. तो चिडला. हायवेला जडीबुटीवाल्याचा तंबू आहे, तिथं सोडा म्हणाला. मी म्हटलं, माझी रिक्षा तंबूला थांबत नाय.

थेट महाडच्या डॉक्टरच्या दारात लावली आणि सुभाषच्याच फोनवरून वनिताला बोलावलं. ती एसटीतून उतरली तसा हा सटकायला लागला. मी दंड धरला.

"वनिता, बाई नाय गो. शुगर हाय."

तिनं नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. "एवढंच? नि मी बॅग भरली."

डॉक्टर हसला नाय. गोळी तासभर आधी, पोट हलकं ठेवून घ्या, म्हणाला. आणि नुसत्या गोळीनं होत नाय, दोघांनी जवळ यावं लागतं. त्यांनी तसं करून बघितलं. महिनाभरानं तोंडं पाडून परत माझ्याच रिक्षात. शुगरनं नसा थकल्यात, गोळी पुरत नाय, असं निघालं. आपल्या मनानं डबल गोळी घेऊ नका, असं डॉक्टरनं बजावलं. मग पुढचे उपाय सांगितले. एक पंप. एक इंजेक्शन, तिथंच टोचायचं. शेवटी ऑपरेशन, आत दांडीच बसवतात.

पंप मला लगेच कळला. पंक्चरवाल्याचा हवा भरतो, हा नळी लावून हवा ओढतो. त्या ओढीनं आत रक्त भरतं, नि उठतं. ते टिकायला बुडाशी रबराची रिंग, अर्ध्या तासाच्या आत काढायची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं.

सुभाष रिक्षात कुरकुरत होता. असली मशीन वाडीत नेली तर लोक काय म्हणतील.

"मिक्सर आणलात तवा वाडीला विचारलंत काय?" वनिता म्हणाली. "पंपच आणा. सुई मला बघवत नाय."

पंप आला. पहिल्यांदा जमलाच नाय. वनिता इतकी हसली की शेजारच्या खोलीतून आईनं काय झालं म्हणून विचारलं. सरावानं जमला. शुगर उतरावी म्हणून सुभाष आता पायी चालतो. शनिवार चुकवत नाय, आणि वनिता खेडला जाते ती फक्त भाऊबीजेला.

इतक्या वर्षांत एक बघितलं. या दुखण्याचा पुरुष बायको सोडून सगळ्यांना विचारतो. तंबूवाल्याला, ट्रकवाल्याला, अगदी रिक्षावाल्याला. आधी बायकोला सांगा, मग तिला घेऊन डॉक्टरकडे जा. सुभाषनं मला विचारलं म्हणून निभावलं. सगळे रिक्षावाले माझ्यासारखे नसतात.