देवघरातला पारा

पारा सांडला त्या दिवशी आमच्या घरात कुणी घाबरलं नाही. उलट अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा प्रसाद मिळाल्यासारखा उजळला. इतकी वर्षं झाली, तरी तो चेहरा आठवला की मला आधी राग येतो आणि मग रडू येतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं कारकून आले, आणि कारकुनांना पँटपीस लागायला लागले. अप्पांनी कंधारकडचं गाव सोडून गोलाईच्या बाजारामागच्या बोळात कापडाचं दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं घर. घर कसलं, दोन खोल्या आणि एक बिनखिडकीचं देवघर. खाली शहाबादी फरशी. तिच्या फटीत सुई पडली की गेलीच म्हणून समजा.

अव्वाला, माझ्या आईला, बीपीचा त्रास. थोरला भाऊ, अण्णा, नांदेडला औषधशास्त्र शिकायला होता. त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातलं बीपीचं जुनं यंत्र आणून ठेवलं, उभ्या काचेच्या नळीचं, पाऱ्याचं. एवढी मोलाची वस्तू ठेवायची कुठं? तर देवघरातल्या फळीवर! एका सकाळी मांजरानं उंदरामागं उडी मारली आणि यंत्र खाली आलं. नळी फुटली, पाऱ्याचे थेंब फरशीभर पळाले.

मी केरसुणी घेऊन धावले. अप्पा ओरडलेच.

"ए पोरी, केरसुणी लावू नको! महादेवाचा धातू हाय तो. केरात टाकतीस व्हय?"

आम्ही लिंगायत. पारा म्हणजे शिवाचं तेज, असं अप्पांनी लहानपणी मठात ऐकलेलं. पैसेवाले लोक पाऱ्याचं शिवलिंग विकत आणून पूजतात, आणि आपल्या घरी शिव आपणहून आला, असा त्यांचा हिशेब. गुडघ्यांवर बसून, बेलाच्या पानांनी एकेक थेंब ढकलत त्यांनी पारा तांब्याच्या वाटीत गोळा केला. जे फटींत गेलं ते गेलं. वाटी देवापुढं ठेवली, दंडवत घातला. अण्णा सुट्टीत आला तेव्हा यंत्र फुटलं एवढंच त्याला कळलं. पाऱ्याचं त्यानं विचारलं, तर अप्पा म्हणाले, "उचलला की." खोटं काय होतं त्यात? देवघरातली वाटी मात्र त्याला कुणी दाखवली नाही.

काही दिवसांत वाटी आतून पांढरीशुभ्र चकचकीत झाली. पारा तांब्याला धरतो, एवढीच त्यातली गोष्ट. पण अप्पांनी बोळातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, "बघा, तांब्याची चांदी केली देवानं." बायका येऊन हात जोडून गेल्या. एकीनं तर बरणीत थोडा मागितला. अप्पांनी दिला नाही, एवढी तरी देवाची कृपा.

आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपलं इष्टलिंग असतं, छोट्या चांदीच्या डबीत. रोज ते काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हातानं त्याची पूजा करायची. वेगळं देऊळ लागत नाही, तळहातच देऊळ. अव्वा तिची पूजा चुलीपाशी उरकायची. अप्पा मात्र देवघरात पडदा ओढून, निरांजन लावून बसायचे. आता निरांजनाला लागून ती वाटी आली. आधी ते वाटीत पाणी घालून ठेवत. मग पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, बोळाच्या तोंडाशी टँकर यायला लागला, घागरींवरून भांडणं सुरू झाली. अप्पांनी वाटीतलं पाणी बंद केलं. "देवाला कळतंय," म्हणाले. पारा कोरडा, शेजारी दिव्याची धग, पडदा ओढलेला, आणि समोर अप्पा. पाऊस पडावा म्हणून ते जास्तच वेळ बसायला लागले. त्यांची श्रद्धा कमी असती तर वाचले असते, असं मी म्हणते, तेव्हा अव्वा माझ्याशी बोलायची बंद होते.

आधी त्यांचा स्वभाव फिरला. आमचे अप्पा म्हणजे गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता वीतभर कापड जास्तीचं देणारे. ते चिडचिड करायला लागले. मग गिऱ्हाईक आलं की मागच्या खोलीत जाऊन बसायचे. "तू बघ," मला म्हणायचे, "मला लोकांपुढं कसंतरी हुतं." हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आणि मग हात. कात्री कापडावर ठेवली की थरथरायची, कापड वाकडं जायचं. चहाचा कप बशीवर वाजायचा. बोळात लगेच कुजबुज सुरू झाली की अप्पा प्यायला लागले. अहो, ज्या माणसाच्या घरात कांदासुद्धा सोमवारी शिजत नव्हता, तो पिणार? मी एकीला भर टँकरपाशी फाडफाड बोलले. पण ते अप्पांच्या कानावर गेलंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कुणी कंपवात म्हणालं, कुणी नजर म्हणालं. शेवटी अण्णा येऊन आम्हाला एसटीनं नांदेडला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितले, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "बाबा, तुमचा पाऱ्याशी कुठं संबंध येतो का?"

अप्पा कितीतरी दिवसांनी हसले. "येतो की. देवघरात हाय आमच्या. रोज पूजा करतो."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. तसं तोंड त्याचं मी पुन्हा कधी बघितलं नाही. पाऱ्याची वाफ होते, ती दिसत नाही, वास येत नाही, ती श्वासातून आत जाते, असं डॉक्टर समजावून सांगत होते. अप्पा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडंच. बाहेर आल्यावर म्हणाले, "देव कसा काय असं करंल?" मी फक्त त्यांचं धोतर सावरलं आणि एसटीत खिडकीची जागा धरली.

लातूरला येऊन अण्णानं देवघर रिकामं केलं. वाटीतला पारा काचेच्या बरणीत, वरून पाणी, झाकण घट्ट. मग आम्ही दोघं फरशीवर आडवे पडलो. देवघरात भर दुपारीही अंधार. बॅटरी फरशीला टेकवून धरली की दूरवरचे बारके थेंब चमकायचे. मोठे थेंब जाड कागदानं ढकलायचे, बारके चिकटपट्टीनं उचलायचे, फटींत गंधकाची पूड भरायची. झाडायचं नाही, धुवायचं नाही. धुवायला पाणी होतं कुठं म्हणा. मग फरशा उचकटल्या. खालच्या मातीतही पाऱ्याचे थेंब चमकत होते. ती मातीही डब्यात भरली. अण्णा ते सगळं नांदेडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचवणार होता.

अप्पा अंगणात बसून बघत होते. डबे बाहेर निघाले तेव्हा उठून आले. "लेकरा, एक थेंब तरी ठेव. रिकामं दिसायलंय रे देवघर." अण्णानं मान हलवूनच नाही म्हटलं. अप्पांनी त्या बरणीला हात जोडले. जोडलेले हातसुद्धा थरथरत होते. मला वाटलं, बरणी रस्त्यावर आपटावी. पण तेच तर करायची सोय नव्हती.

आता हात थांबेल, असं आम्ही रोज म्हणायचो. हिरड्या बऱ्या झाल्या. स्वभावही पुष्कळ निवळला. डावा हात थांबला नाही. अप्पा पूजेला बसले की मी दाराआडून बघायचे. मनगटाला उपरणं गुंडाळून, कोपर गुडघ्यावर टेकवून ते कसंबसं जमवायचे. एका सकाळी टक् असा आवाज आला. लिंग हातातून फरशीवर पडलं होतं.

लिंग हातातून पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्यात जुने लोक त्यापायी अन्न सोडत. अप्पांनीही सोडलं. भिंतीकडं तोंड करून निजले. अव्वानं विनवण्या केल्या, मी रागावले, काही उपयोग नाही. शेवटी मठातले स्वामी आले. लिंग हातात घेऊन निरखलं, कुठं चरा नाही, म्हणाले, शुद्ध करून पुन्हा धारण करा. अप्पा उठून बसले, पण म्हणाले, "आज धारण करतो. उद्या पुन्हा पडंल, त्याचं काय? ज्या हातात देव राहत न्हाई, तो हात काय कामाचा?" स्वामींनी लिंग डबीत घालून त्यांच्या गळ्यात बांधलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा आंघोळ करून बसले आणि डबी उघडेनात. अव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती. ती उठली, हात धुतले, जाऊन त्यांच्यासमोर बसली आणि आपला तळहात त्यांच्या तळहाताखाली धरला. "काढा," म्हणाली. आमच्या घरात तोवर त्या दोघांनी एकमेकांच्या हाताला हात लावलेला कुणी बघितला नव्हता. अप्पा मान खाली घालून बसले. मग डबी उघडली. हात थरथरत होता, पण खाली दुसरा हात होता.

त्यानंतर रोज तसंच. मी लग्न होऊन मुदखेडला आले, अण्णाचं औषधांचं दुकान झालं, दुष्काळ गेले, आले. अव्वा एका रात्रीसाठीसुद्धा कुठं गेली नाही. माझ्या बाळंतपणालाही आली नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण "सकाळी त्यांना कोण हात देणार," म्हणायची.

अप्पा गेले ते झोपेतच. आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात आणि ज्याचं त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. अण्णा खाली उतरला होता. स्वामींनी अप्पांचा डावा हात मांडीवर उताणा ठेवला, डबीतून लिंग काढलं. सकाळपासून अव्वानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ती माणसांना बाजूला सारत एकदम कडेशी आली.

"अवं, थांबा! खालून हात द्या की कुणीतरी. पडंल ते."

अण्णानं आपला तळहात अप्पांच्या तळहाताखाली लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि वर बघितलं.

"अव्वा, हलत न्हाई हात."

ती तिथंच मातीत बसली. "हलतो रे," म्हणाली. "नीट बघ की."