पट्टीचा गुण

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक हाय. खुशाल हसा. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. कारण मी काय केलं ते ऐकून आमच्या डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन टेबलावर ठेवला होता.

तर आमची शकूआत्या. बिलोलीची. मणक्याच्या दुखण्यानं वर्षानुवर्षं जेरीस आलेली. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी नांदेडात अंगावर चिकटवायची पट्टी मिळाली. अफूच्या जातीचं कडक औषध, कातडीतून हळूहळू आत जातं. एक पट्टी तीन दिवस. आत्या आमच्याकडंच राहायला आली अन् पट्टी लावायचं काम माझ्याकडं आलं.

माझ्याकडंच का? अहो, माझं मोबाईल कव्हरचं दुकान हाय. जो माणूस दिवसाला वीस स्क्रीनगार्ड बिनाबुडबुड्याचे लावतो, त्याला आत्याचा दंड काय अवघड?

डॉक्टरीणबाईंनी दम भरला. "जुनी काढल्याशिवाय नवी लावायची नाही. दर वेळी जागा बदलायची. कापायची नाही, वरून शेक द्यायचा नाही. काढलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून आम्हाला परत आणायची, तिच्यात औषध उरलेलं असतं. आणि दुसऱ्या कुणाला चुकूनसुद्धा लावायची नाही. सवय नसलेल्या माणसाचा श्वास मंदावतो, जीव जाऊ शकतो. कळलं?"

कळलं की! म्हणून तर मी पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या, डब्याला कुलूप घातलं अन् किल्ली माझ्या करदोट्याला बांधली.

पण आमची गल्ली! आमच्या गल्लीत औषध म्हणजे विरजण. एकाच्या घरी हाय म्हणलं की दुसरा वाटी घेऊन हजर.

"शकूताई आता कशी गाढ झोपते," शेजारची शोभाकाकू म्हणाली. "माझ्या गुडघ्याला बी एक दे की रे."

"न्हाई देता येत, काकू."

"एक दिल्यानं काय डबा रिकामा होतो का?"

समोर रेहानाखाला शिलाई मशीनवर मान धरून बसलेली. "राहू दे बाबा, नक्को देऊ. खालाची मान काय, आज हाय, उद्या न्हाई."

अन् वरच्या मजल्यावरचे मन्मथअप्पा, रिटायर मास्तर. ते तर रोज दुखरी कंबर धरून जिन्यातून ओरडायचे, "निघाले बघा, पट्ट्यांचे मालक!"

आत्या अवघडली. "अरे, इतकी माणसं तोंड वाकडं करून राहिलीत. देऊन टाक एकेक. मी सोसते."

आता ही बाई माझा करदोटा कापून पट्ट्या वाटायला कमी करणार न्हाई, हे मला माहीत. अन् वाटल्या तर गल्लीत कुणीतरी जाणार. म्हणून मी एक समाजकार्य केलं.

मेडिकलमधून पारदर्शक चिकटपट्टी आणली. मापात कापली. कोपरे गोल केले. चार बनवल्या. इथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण करायचं तर नीट! आत्याची रिकामी पाकिटं पडली होती. एकेकात एकेक घातली, कडा डिंकानं बंद केल्या. खऱ्या पाकिटाशेजारी ठेवून बघितलं, तर मलाच ओळखू येईना. लई अभिमान वाटला.

अन् ठेवली कुठं? सगळ्यात सुरक्षित जागी. त्याच डब्यात.

सोमवारी सकाळी आत्याची पट्टी बदलली. संध्याकाळी तिघांना तीन लावल्या. चेहरा गंभीर, तळव्यानं अर्धा मिनिट दाब, वर पेनानं तारीख अन् वेळ. "कुणाला सांगू नका हं."

मंगळवारी शोभाकाकू जिना चढून उतरून दाखवून राहिली. रेहानाखाला म्हणाली, "बेटा, जादू हाय रे! मान अशी फिरते, मागच्या गल्लीतलं बी दिसून राहिलं!"

एकटे मन्मथअप्पा दुपारी कठड्याला धरून ओरडले, "फसवलंस! खोटी हाय तुझी पट्टी! कंबर तशीच, वरून उलट्या, खाज, अन् डोळे उघडंनात!"

मी मनात म्हणलं, ह्या माणसाला फुकटच्या चिकटपट्टीत बी खोट दिसते.

घरात आलो तर आत्या घामानं डबडबलेली. जांभया देत, कण्हत, कूस बदलून राहिली. "सकाळपासून काही सुधरंना बाबा. पट्टी लागूच झाली न्हाई बघ."

दंड बघितला. खऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात औषधाचं नाव छापलेलं असतं. आत्याच्या पट्टीवर फक्त माझं अक्षर. अन् कोपरे? लई सुंदर गोल.

मग खरी कुणाच्या अंगावर?

पळालो. "काकू, पट्टी काढा! खोटी हाय!"

"खोटी असती तर गुडघा वाकला असता का?" म्हणत तिनं दोन उठाबशा काढल्या. तेवढ्यात मी डोकावलो. नाव न्हाई. खालाच्या मानेवर बी न्हाई.

म्हणजे बघा. दोघी खोट्या पट्टीची शपथ घेऊन राहिल्या होत्या, अन् ज्याला खरी मिळाली तो एकटाच तिला खोटी म्हणून राहिला होता.

वर गेलो तर अप्पा खुर्चीत कलंडलेले. श्वास इतका सावकाश, की दोन श्वासांच्या मधी मी सगळ्या देवांची नावं घेऊन झालो. पट्टी ओढून काढली, दुमडून खिशात घातली, अन् अप्पांना पाठीवर घेतलं. नव्वद किलो. दोन जिने.

ऑटोत रेहानाखालानं त्यांचे गाल थोपटायला सुरुवात केली. "सोना नै, मास्तर! पाढे म्हणा! सतराचा!"

"सतरा चोक... अडुसष्ट..."

"आगे?"

"सतरा पंचे..."

खाला माझ्याकडं बघून राहिली. मी अप्पांच्या नाकाकडं.

"...पंच्याऐंशी."

पंच्याऐंशी ऐकून आयुष्यात कुणी रडलं असंल तर तो मी.

दवाखान्यात अप्पांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. पट्टी काढली तरी कातडीत औषध राहतं म्हणे. आत्याला खरी पट्टी कशी लावायची, ते बाईंनी खालाला समजावलं. मग पेन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "किल्ली."

"बाई, ती करदोट्याला..."

"इथंच सोडा."

भरल्या वॉर्डात पँट सावरत मी किल्ली सोडली. आता ती खालाकडं असते. अप्पा सुखरूप आले, अन् आल्याआल्या जिन्यातून म्हणाले, "म्हणलं नव्हतं, पट्टीत काहीतरी खोट हाय?"

माझं काय? नव्वद किलोनं कंबर धरली. पालथा पडलो होतो, तर आत्या आली. खालाकडून माझं उरलेलं चौथं पाकीट आणलं, फाडलं, माझ्या कमरेवर चिकटवलं, तळव्यानं अर्धा मिनिट दाबलं, वर तारीख टाकली.

"आत्या, खोटी हाय ती. मीच बनवलीय."

"गप पड."

गप पडलो. अन् तिसऱ्या दिवशी सकाळी मीच हाक मारली, "आत्या, बदलायची वेळ झाली की गं!"