दसऱ्याची गोळी

तिरोड्याहून बोदलकसाकडे जाताना आमचं गाव लागतं. मालगुजारी गेली, मालगुजारांचा रुबाब गेला, पण त्यांच्या घरचं रिव्हॉल्व्हर तेवढं राहिलं. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या घरचा कर्ता माणूस तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभा राहून एक गोळी झाडायचा आणि मगच गाव आपट्याचं सोनं वाटायला लागायचं. गोळी ज्याच्या हाताची, तो घरचा कर्ता. सातबाऱ्यापेक्षा आमच्याकडे त्या आवाजाला वजन जास्त.

त्या घरचे शेवटचे कर्ते शालीकराम पाटील २००३ च्या उन्हाळ्यात वारले. मुलगा नव्हता. रुक्मा ही एकुलती एक मुलगी. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती आणि बापाची धानाची शेती तीच पाहत होती. रोवणीला बाया जमवणं, पाण्यावरून भांडणं, व्यापाऱ्याच्या काट्यावर डोळा ठेवणं, सगळं तिच्याच अंगावर. मी त्यांचा शेजारी, तिला आत्या म्हणतो. बाई तोंडाने फटकळ. तिच्या धानाच्या बांधीत कुणाची बकरी शिरली तर बकरीला दगड नंतर, मालकाला शिवी आधी. मला ती आवडते, हे सांगून टाकतो.

पाटलांच्या तेरवीलाच आत्याचा चुलतभाऊ भैयालाल याने विषय काढला. "रिव्हॉल्व्हर माह्या घरी येऊ दे. बाईच्या जातीले थे कायले पाह्यजे?"

"बाईच्या जातीनं पिकवलेला भात खाऊन राहिला न आता? मंग गोळी बी आयकजो," आत्या म्हणाली.

बोलून गेली खरी, पण तिलाही ठाऊक होतं की हा मान भैयालालच्या घरी गेला तर तो तिथेच थांबणार नाही. उद्या पाळीखालच्या बांध्यांवर हक्क सांगायला येईल, आणि गावातली निम्मी माणसं माना डोलावतील. वारस म्हणून परवाना मिळायला दोन वर्षं लागली. तोवर रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा. दोन दसरे गावाने गोळीशिवायच सोनं वाटलं, लग्नात वाजंत्री आली नाही अशा तोंडाने.

परवाना हातात पडला आणि आत्या तयारीला लागली. रिव्हॉल्व्हर जड, घोडा ताठ, आणि मनगट थरथरलं तर हसं होणार. मग ती रोज चुलीवर भात ठेवला की पाण्याने भरलेला पितळी लोटा उजव्या हातात धरून हात सरळ पुढे करायची. भाताला उकळी येईपर्यंत हात खाली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक डोळा मिटून नेम. तिची म्हातारी आई सुलोचनाबाई डोळ्यांनी अधू, पण कानांची तिखट. पाणी सांडल्याचा आवाज आला की आतून म्हणायची, "हालली वं!"

दसऱ्याच्या आधी काडतुसं घ्यायला आणि रिव्हॉल्व्हर तपासून घ्यायला मी आत्याला मोटरसायकलवर गोंदियाला नेलं. बंदुकीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने नळी उजेडाकडे धरली. पलीकडचं काही दिसेना. त्याने सळई घातली, ठोकली, आणि समोरच्या कागदावर काळपट पिवळा गोळा पडला. त्यात तांदळाचे दाणे.

"बाई, ये पिस्तौल है या पूजा की थाली?"

आत्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यांच्या घरी दसऱ्याला फाळ, विळा, पावशी यांच्याबरोबर रिव्हॉल्व्हरही पाटावर मांडतात. हत्यार सणाला उपाशी राहू नये म्हणून पूजा झाली की नळीत चिमूटभर हळदीचा भात आणि पळीभर तूप. घास भरवतात. इतक्या वर्षांचे घास आत साठून दगड झाले होते.

"ऐसे में चला देतीं तो हाथ जाता," कारागीर म्हणाला. "चालीस साल से तो ये चला ही नहीं है।"

"बावाजी, आमी दरसाल गोळी आयकली," मी म्हणालो. त्याने फक्त नळी माझ्यासमोर धरली. साफसफाई करून देताना त्याने आत्याला बजावलं, आकाशात झाडायची नाही, वर गेलेली खाली येते. पाळीच्या मातीत झाडायची.

घरी आल्यावर आत्याने जुना नोकर बकाराम याला अंगणात उभं केलं. बकाराम आधी रडला, मग बोलला. एका दसऱ्याला पाटलांची गोळी फुसकी निघाली होती. पोरं हसली. पुढच्या वर्षीपासून पाटील पाळीवर हात वर करायचे आणि पाळीच्या आड बकाराम बिडीने सुतळी बॉम्ब पेटवायचा. वात हळू जळली तर पाटील आभाळाकडे पाहून ओठ हलवायचे. आम्हाला वाटायचं, देवाचं नाव घेतात.

"आणून ठेवू काय बाई, सुतळी बॉम्ब?" बकारामने डोळे पुसत विचारलं.

"नोको," आत्या म्हणाली.

दसऱ्याला अख्खं गाव पाळीवर. गोळीसमोर कुणी नको म्हणून आत्याने सगळ्यांना एका बाजूला घेतलं, पदर खोचला, हात खाली मातीकडे सरळ केला. हात हलला नाही. चाप दाबला. टप्प. ओल्या मातीत एक भोक पडलं, थोडा धूर झाला, झालं. तलावावरची बगळ्यांची रांगसुद्धा उठली नाही.

क्षणभर कुणाला कळलंच नाही की गोळी झाली. मग भैयालाल हसला. "अवं, हे का गोळी होय? काकाची गोळी तं तिरोड्यापावेतो जात होती!" पोरं हसली, मोठीही हसली. माझं डोकं तापलं. एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने माझ्या पायावर पाय दिला. जोरात. बकाराम खाली मान घालून उभा होता. आणि ही बाई, बकरीसाठी सात पिढ्या उद्धरणारी, एक शब्द बोलली नाही. रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं. गोळी तर झाली होती, त्यामुळे गाव हसत हसत सोनं वाटू लागलं.

मी तिच्यासोबत घरी आलो. सुलोचनाबाई पाळीकडे कान लावून दारातल्या बाजेवर बसली होती.

"गाव हासून राहिला, माय," आत्या म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली.

"हासू दे. त्याईनं कधी गोळी आयकली हाये? मी लग्न होऊन आली त्या साली आयकली होती. अश्शीच वाजली होती, टप्प." म्हातारीने चाचपडत आत्याचा उजवा हात धरला. त्यांच्या घरी पहिलं सोनं कर्त्या माणसाच्या हातावर ठेवतात. पाटील गेल्यापासून ते तिने कुणालाच दिलं नव्हतं. पदराच्या गाठीतून तिने आपट्याचं पान काढलं आणि लेकीच्या तळहातावर ठेवून वाकून नमस्कार केला.